प्राण्यांचा लळा आणि प्राणिवर्तनाचा अभ्यास

पत्राचा सारांश: पत्रलेखिका कोल्हापूर शहरात राहतात आणि बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात प्राणिशास्त्र शिकतात. घरी म्हशींचा गोठा आहे. वडील आणि थोरला भाऊ रोज कट्ट्यावर म्हशी नेऊन गिऱ्हाइकांसमोर धार काढून दूध देतात. लहानपणापासून जनावरांत वाढल्यामुळे ‘प्राण्यांच्या मनातले मला न सांगता कळते’ असे त्या लिहितात आणि पुढे प्राणिवर्तनाचाच अभ्यास करायचा असे त्यांच्या मनाने घेतले आहे. मात्र या नावाची पदवी कोल्हापुरात नाही, बेंगळुरू किंवा डेहराडून परवडेल की नाही याची धास्ती आहे, इंग्रजी आणि गणित कच्चे आहे. आई म्हणते, बी.एड. करून नोकरी धर. मामा पशुवैद्यक होण्याचा आग्रह करतात. वडिलांचे म्हणणे एका वाक्यात आहे: “जनावरं कशी वागत्यात हे शिकायला कालेज कशाला पायजे? आमची हयात त्यातच गेली.” पत्राच्या शेवटी त्या विचारतात, ‘मी हट्ट सोडू की घर?’

स. न. वि. वि.

तुमचा शेवटचा प्रश्न मी मुद्दाम थोडा बाजूला ठेवते. तो ज्या गृहीतकांवर उभा आहे ती तपासून पाहिली, तर तो इतका टोकाचा राहणार नाही असे मला वाटते. प्राण्यांचा लळा हीच या विषयाची पात्रता आहे, विषयाला त्याच नावाची पदवी लागते, ती गाव सोडल्याशिवाय मिळत नाही आणि वडिलांना यातले काही समजणार नाही, अशी ही गृहीतके आहेत. त्यांतल्या पहिल्यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण तुमचा पुढचा सगळा निर्णय त्यावरच उभा राहणार आहे.

प्राण्यांच्या मनातले तुम्हाला कळते हे खोटे आहे असे मी म्हणणार नाही. गोठ्यात वाढलेल्या मुलीला म्हशीच्या कानाच्या हालचालीवरून, शेपटीवरून, श्वासावरून पुष्कळ काही कळत असणार. परंतु विद्यापीठात शिकवले जाणारे प्राणिवर्तनशास्त्र त्याच्या पुढच्या पायरीवर सुरू होते. जे कळले ते कशावरून कळले, दुसऱ्या माणसाला तेच दिसले असते का, आणि आपला समज चुकीचा असता तर तो चुकीचा आहे हे आपल्याला कसे समजले असते, असे प्रश्न तिथे सतत विचारावे लागतात. ज्या विद्यार्थ्यांना या प्रश्नांचा आनंद होतो ते या विषयात रमतात. ज्यांना ते आपल्या मायेवर घेतलेल्या शंकेसारखे वाटतात ते दुसऱ्या वर्षापर्यंत हिरमुसतात. तुम्ही यांपैकी कोणत्या बाजूला आहात हे आज तुम्हाला ठाऊक नाही, आणि पत्रावरून मलाही ते सांगता येत नाही.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये हान्स नावाचा एक घोडा फार गाजला होता. त्याचे मालक फोन ओस्टेन हे निवृत्त गणित शिक्षक होते आणि त्यांनी बेरीज-वजाबाकी विचारली की घोडा उत्तराइतक्या वेळा खूर आपटत असे. ओस्टेन लबाडी करत नव्हते. घोड्यावर त्यांची माया होती आणि त्याला गणित येते यावर त्यांचा मनापासून विश्वास होता. मानसशास्त्राचे अभ्यासक ऑस्कर फुंग्स्ट यांनी पद्धतशीर चाचण्या घेऊन १९०७ मध्ये असे दाखवले की प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसेल, किंवा तो घोड्याला दिसत नसेल, तर हान्सचे उत्तर चुकते. योग्य आकडा आला की विचारणाऱ्याचे डोके नकळत किंचित हलत असे आणि ती हालचाल टिपून घोडा थांबत असे. ही हकिकत सांगताना लोक बहुधा ‘घोडा उघडा पडला’ असे म्हणून थांबतात, ते मला पटत नाही. माणसाला स्वतःलाही न जाणवणारी त्याची हालचाल एक घोडा इतक्या बारकाईने वाचतो, हा शोध बेरीज-वजाबाकीपेक्षा कितीतरी मोलाचा होता, आणि एका माणसाने परिस्थितीतली एकेक गोष्ट बदलून पाहिली म्हणून तो हाती आला. तुमच्या म्हशी तुम्हाला कळतात हे खरे असेलच. पण म्हशींनाही तुम्ही कळत असता, आणि त्यामुळे तुमच्यासमोर त्या जशा वागतात तशाच सगळ्यांसमोर वागत असतील असे धरून चालता येत नाही.

आता वडिलांच्या वाक्याकडे येते. तुम्ही ते तक्रार म्हणून लिहिले आहे, पण मला ते अर्धे खरे वाटते. कोणती म्हैस कोणाच्या हाताला लवकर पान्हवते, म्हणजे दूध खाली उतरवते, कोणती आंबोण (भिजवलेला खुराक) पुढे ठेवल्याशिवाय पाय झाडायचे थांबत नाही, गलका वाढला की कोणती पान्हा चोरते, हे त्यांना ठाऊक असणार आणि ते ज्ञान कोणत्याही पुस्तकात तयार मिळत नाही. उरलेले अर्धे विद्यापीठाकडे आहे: हे ज्ञान तपासायचे कसे आणि त्याचे कारण शोधायचे कसे. या दोन अर्ध्यांची गाठ घालून पाहायची सर्वांत चांगली जागा सध्या तुमच्याच घरी आहे. म्हणून माझी पहिली सूचना अशी की प्रवेशाचे अर्ज, परीक्षा आणि शहरे यांचा विचार काही महिने थांबवा आणि तुमच्या कट्ट्यावर एक छोटा, पण काटेकोर अभ्यास करा.

प्रश्न मीच सुचवते. सडाला हात लागला, रेडकू ढुसण्या देऊ लागले किंवा ओळखीची चाहूल लागली की मेंदूच्या तळाशी असलेल्या पियूषिका ग्रंथीतून ऑक्सिटोसिन रक्तात येते, त्यामुळे कासेतल्या दूधग्रंथींभोवतीच्या सूक्ष्म स्नायुपेशी आकुंचन पावतात आणि दूध खाली उतरते. भीती वाटली किंवा जागा अनोळखी असली तर हीच क्रिया अडते. गायीच्या तुलनेत म्हशीच्या कासेत आधीच खाली उतरून साठलेले दूध फार थोडे असते, त्यामुळे म्हशीच्या बाबतीत सारे काही पान्ह्यावर अवलंबून राहते. हे लक्षात घेतले की कोल्हापूरचा दूधकट्टा एकदम नवलाचा वाटू लागतो. रस्त्याकडेला, गाड्यांच्या भोंग्यांमध्ये, रोज नव्या गिऱ्हाइकांच्या गर्दीत उभी राहून म्हैस पान्हा सोडते ती कशी? ती गर्दीला सरावली आहे आणि म्हणून तिला गर्दी बाधत नाही, की कट्टा हीच जागा तिच्यासाठी धारेची खूण झाली आहे आणि तिथे पोहोचल्यावर पान्हा उलट लवकर येतो? या दोन शक्यता दिसायला सारख्या असल्या तरी त्यांतून निघणारे अंदाज वेगळे आहेत. नुसता सराव असेल, तर कट्ट्यावर लागणारा वेळ फार तर गोठ्यातल्या वेळेइतका होईल. जागेची खूण बसली असेल, तर तो गोठ्यातल्यापेक्षा कमीही भरू शकतो.

आता मोजायचे काय, ते मोजण्याआधी लिहून ठेवा. ‘पान्हा आला’ म्हणजे सड भरून आले ते, की पहिली सलग धार पडली ते? यांपैकी एक व्याख्या ठरवून ती वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि नंतर बदलू नका. सडाला पहिला हात लागल्यापासून त्या क्षणापर्यंतचे सेकंद मोजा आणि शेजारी म्हशीचे नाव, जागा, वेळ, धार काढणारा कोण, आंबोण पुढे होते की नाही आणि भोवती माणसे किती होती हे लिहा. इथे एक मोठी मेख आहे. अवघड म्हैस तुमचे वडील स्वतःच्या हाताखाली घेत असणार आणि सोपी भावाकडे देत असणार. तसे असेल तर आकड्यांवरून भावाचा हात वडिलांपेक्षा चांगला आहे असा साफ चुकीचा निष्कर्ष निघेल. म्हणून ज्या म्हशी दोघांनाही धार देतात त्याच निवडा आणि कोणत्या दिवशी कोणी बसायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. दुधाचा धंदा बिघडेल असे काही करू नका. गिऱ्हाईक खोळंबले असेल त्या दिवशी नोंद सोडून द्या आणि ती का सोडली तेही लिहा. दुसरी मेख आकडेमोडीची आहे: एकाच म्हशीच्या तीस धारा म्हणजे तीस म्हशी नव्हेत. शिकलेसवरलेले लोकही ही चूक करतात आणि संशोधनाचे जाणते परीक्षक ती आधी पाहतात.

काही धारांचे मोबाइलवर चित्रीकरण करा आणि ते एखाद्या मैत्रिणीला देऊन, तुमचे सेकंद न दाखवता, तिला मोजायला सांगा. तुमचे आणि तिचे आकडे जवळजवळ जुळले तर तुमची व्याख्या पक्की आहे. जुळले नाहीत तर दोष व्याख्येचा आहे आणि ती सुधारून पुन्हा सुरुवात करावी लागेल. हान्स घोड्याचा धडा इथे उपयोगी पडतो, कारण कोणाच्या हाताला पान्हा लवकर येतो याबद्दल तुमचे मत आधीच बनलेले आहे आणि घड्याळाचे बटण दाबणारा अंगठा त्या मताच्या बाजूने कलतो.

दोन-तीन महिने असे केल्यावर तुम्हाला तुमच्याबद्दल जे कळेल ते कोणत्याही समुपदेशकापेक्षा खरे असेल. रोज तेच ते मोजताना कंटाळा आला का, की एखाद्या दिवशी आकडा भलताच आला म्हणून रात्री झोप लागली नाही? आवडत्या म्हशीचे आकडे तुमच्या अंदाजाविरुद्ध गेले तेव्हा ते लपवावेसे वाटले, की त्याचे कारण शोधावेसे वाटले? या विषयात पुढे जायचे की नाही हे ठरवताना मी या उत्तरांना गुणपत्रिकेपेक्षा अधिक वजन देईन.

आणखी एक गोष्ट या निमित्ताने शिकण्यासारखी आहे. प्राणिवर्तनशास्त्रज्ञ निको टिनबर्गेन यांनी १९६३ मध्ये असे मांडले की प्राण्याच्या कोणत्याही वागण्याबद्दल ‘का’ असे विचारले तर त्यात चार वेगळे प्रश्न दडलेले असतात आणि एकाचे उत्तर दुसऱ्याच्या जागी चालत नाही. दिवाळीच्या पाडव्याला आपल्याकडे गवळी बांधव म्हशी सजवून मिरवणूक काढतात आणि मालकाच्या मोटारसायकलमागे म्हैस धावते, ते तुम्ही जन्मापासून पाहिले आहे. ती का धावते? मालकाची हाक, गाडीचा आवाज आणि त्या क्षणी तिच्या शरीरात काय घडते, हा एक प्रश्न. रेडी असल्यापासून तिला हे कसे लावले गेले, हा दुसरा. ओळखीच्या पुढाऱ्यामागे राहण्याने कळपातल्या जनावराचा कोणता फायदा होतो, हा तिसरा. आणि रानम्हशींच्या कळपात माद्या व त्यांची पिल्ले एकत्र राहतात, त्या पूर्वजांकडून या वागण्यातले काय आले असेल, हा चौथा. वडील दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तुम्हाला कोणत्याही प्राध्यापकापेक्षा चांगले देतील. १९७३ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक टिनबर्गेन, कॉनराड लोरेंझ आणि मधमाश्यांचे नृत्य उलगडणारे कार्ल फोन फ्रिश यांना विभागून मिळाले, हे आईला आणि मामांना अवश्य सांगा. जनावरांचे वागणे हा पोटापाण्यापलीकडचा छंद आहे असा त्यांचा समज असेल तर तो थोडा हलेल.

ज्या वाचकांच्या घरी गोठा नाही त्यांनी हात चोळत बसू नये. ट्यूबलाइटजवळच्या पाली, गल्लीतली कुत्री, छपराखालचे गांधीलमाश्यांचे पोळे, पंचगंगेत डुंबणाऱ्या म्हशी, हे सगळे विषयच आहेत. कोलकात्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत अनिंदिता भद्रा यांनी रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या वागण्याचा वर्षानुवर्षे अभ्यास केला आहे. फक्त जे नजरेत भरेल ते टिपायची सवय लावून घेऊ नका, कारण तशाने भांडणे आणि झटापटी वहीत भरतात आणि दिवसभराची झोप नोंदलीच जात नाही. जीन ऑल्टमन यांनी १९७४ मध्ये यावर दिलेले उपाय आजही वापरले जातात: एक प्राणी आधी निवडून ठराविक वेळ फक्त त्याच्याकडे पाहायचे, किंवा ठराविक अंतराने सगळ्या कळपावर नजर फिरवून त्या क्षणी प्रत्येक जण काय करतो आहे ते लिहायचे. कुत्र्यांवर काम करणार असाल तर आधी डॉक्टरांना विचारून रेबीजची प्रतिबंधक लस घ्या. घरटी हलवू नका. राधानगरी अभयारण्यात गव्यांचा अभ्यास करावासा वाटला, तर वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. वही घेऊन परस्पर आत जायचे नसते. गवा शेतात किंवा गावाजवळ दिसला तर जवळ जाऊन चित्रीकरण करणे हा अभ्यास नव्हे, तो जिवावरचा खेळ आहे.

आता पदवीच्या नावाकडे वळते. प्राणिवर्तन असे नाव असलेली पदवी भारतात फारशी आढळत नाही आणि तिच्यावाचून कोणाचे अडलेले दिसत नाही. राघवेंद्र गदगकर यांनी बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत पीएच.डी. केली ती रेणवीय जीवशास्त्रात, आणि त्यांचे नाव झाले ते रोपालिडिया मार्जिनाटा या गांधीलमाशीच्या समाजजीवनावरील कामामुळे. त्या कामात प्रत्येक माशीच्या अंगावर रंगाचे बारीक ठिपके देऊन तिला ओळख द्यायची आणि मग तासन् तास पोळ्यासमोर बसून नोंदी घ्यायच्या, ही मूळ पद्धत आहे. मिलिंद वाटवे हे तेव्हा सूक्ष्मजीवशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये वेडा राघू या पक्ष्यावर जो शोधनिबंध प्रसिद्ध केला तो तुम्ही मिळवून वाचाच. वेडा राघू मातीच्या कडेत बीळ करून घरटे करतो आणि जवळ माणूस असेल तर बिळात शिरायला कचरतो. या अभ्यासात माणूस घरट्यापासून तितक्याच अंतरावर, पण कधी बिळाचे तोंड दिसेल अशा जागी आणि कधी ते दिसणार नाही अशा जागी उभा राहिला. माणसाला बिळाचे तोंड दिसण्याजोगे असले की पक्षी आत जाणे अधिक टाळत. म्हणजे समोरच्याला कुठून काय दिसते याचा अदमास पक्ष्याला होता, असे मानायला त्यातून आधार मिळतो. या प्रयोगाला यंत्रसामग्री जवळजवळ लागली नाही. लागला तो नेमका प्रश्न आणि अंतर सारखे ठेवण्याची शिस्त. महाराष्ट्रातल्या कोणत्याही नदीकाठी तो सुचू शकला असता.

शिवाजी विद्यापीठाच्या आवारात मोर दिसतात हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. लांडोर मोराचा पिसारा पाहून जोडीदार निवडते हे आपण शाळेपासून सिद्ध झाल्यासारखे ऐकतो. इंग्लंडमध्ये मॅरियन पेट्री व सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये पिसाऱ्यावर डोळे अधिक असलेल्या मोरांना लांडोरी अधिक पसंत करतात असे दाखवले. जपानमध्ये ताकाहाशी व सहकाऱ्यांनी सात वर्षे निरीक्षण करून २००८ मध्ये तसा संबंध आढळत नाही असे लिहिले. मोर तेच, प्रश्न तोच, आणि उत्तरे वेगळी. विद्यापीठीय शिक्षणात असे वाद वाचायला, दोन्ही बाजूंच्या पद्धती ताडून पाहायला आणि आपले मत राखून ठेवायला शिकवतात. हे शिक्षण तुम्हाला कोल्हापुरात बसूनही सुरू करता येईल, आणि एम.एस्सी. प्राणिशास्त्राला प्रबंधाचा विषय वर्तनाचा घेता येईल का हे विभागातल्या प्राध्यापकांना आत्ताच भेटून विचारता येईल. तेव्हा हातात कट्ट्यावरच्या नोंदींची वही असू द्या. तुम्हाला प्राणी आवडतात हे अनेक विद्यार्थी येऊन सांगतात. आकडे घेऊन येणारे थोडे असतात.

बाहेरचे मार्गही सांगते, पण थोडक्यात, कारण तारखा आणि अटी बदलतात आणि त्या त्या संस्थेच्या संकेतस्थळावरच पाहाव्या लागतात. डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि बेंगळुरूचे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र इथे वन्यजीवविषयक एम.एस्सी. आहे, जागा मोजक्या असतात आणि बेंगळुरूचे प्रवेश एक वर्षाआड निघत आले आहेत, म्हणून तुमच्या पदवीचे वर्ष आणि प्रवेशाचे वर्ष जुळते का हे आधी पाहा. भारतीय विज्ञान संस्थेत १९८३ मध्ये माधव गाडगीळ यांनी सुरू केलेले परिस्थितिकी विज्ञान केंद्र आहे, तिथे आणि आयसर संस्थांमध्ये पीएच.डी.चा मार्ग आहे. विज्ञान अकादमींच्या उन्हाळी संशोधन शिष्यवृत्तीसाठी पात्रतेच्या अटी वाचून अर्ज करा. सुट्टीचे काही आठवडे एखाद्या प्रयोगशाळेत काढले की पुढची संशोधनाची वर्षे कशी असतील याचा अंदाज येतो. सीएसआयआर-नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या जीवशास्त्राच्या अभ्यासक्रमात उत्क्रांती आणि वर्तन हा स्वतंत्र घटकच आहे, त्यामुळे हा विषय आणि नोकरीची परीक्षा यांत वैर नाही. नेटमधून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर १ जानेवारी २०२३ पासून ती दरमहा ३७,००० रुपये आहे, हा आकडा वडिलांच्या कानावर घाला. त्याच वेळी हेही सांगा की संशोधनातल्या कायम नोकऱ्या थोड्या आहेत, तिथपर्यंत पोहोचायला वर्षे लागतात आणि अधूनमधून प्रकल्पाच्या तात्पुरत्या पगारावर राहावे लागते. ही बाजू झाकून घरच्यांची परवानगी मिळवू नका.

मामांच्या सूचनेचा विचार मी गंभीरपणे केला. पशुवैद्यकीय पदवीला नीट परीक्षेतून प्रवेश असतो, ती साडेपाच वर्षांची असते आणि तुम्हाला पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरुवात करावी लागेल. महाराष्ट्र पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठाचे सातारा जिल्ह्यातले शिरवळचे महाविद्यालय त्यातल्या त्यात जवळ आहे. आजारी जनावर बरे करण्याची तुम्हाला आस असेल तर हा उत्तम मार्ग आहे. तुमच्या पत्रात मात्र उपचाराबद्दल एक ओळही नाही, सगळे लिहिणे ‘ती असे का करते’ याभोवती फिरते, आणि म्हणून केवळ दोन्हीकडे प्राणी आहेत एवढ्यावरून हा मार्ग मी तुम्हाला सुचवणार नाही. आईचे बी.एड. एम.एस्सी.नंतरही करता येते. महाविद्यालयात शिकवायचे असेल तर पदव्युत्तर पदवीसोबत नेट किंवा सेट ही राज्याची पात्रता परीक्षा लागते, म्हणजे आईला हवे असलेले स्थैर्य आणि तुमचा विषय यांची वाट एम.एस्सी.पर्यंत एकच आहे. तिला हे तारखांसह कागदावर लिहून दाखवा. तोंडी वादात ते हरवून जाईल.

इंग्रजी आणि गणिताची भीती खरी आहे, पण तिचा आकार नीट मोजायला हवा. या विषयाला लागणारे गणित मुख्यतः संख्याशास्त्र आहे, आणि स्वतःच्या म्हशींचे आकडे हातात असताना सरासरी, विचलन आणि दोन गटांतला फरक हे समजणे बरेच सोपे जाते. आर ही संगणकप्रणाली मोफत आहे आणि चित्रफितींवरून वर्तन नोंदवण्यासाठी बोरिस नावाचीही मोफत प्रणाली आहे. इंग्रजी शोधनिबंध पहिल्या ओळीपासून वाचू नका. आधी त्यातल्या आकृत्या पाहा, मग पद्धतीचा भाग वाचा, कारण त्याची भाषा साधी असते, आणि वाचलेले स्वतःच्या मराठीत अर्ध्या पानात लिहून काढा. जे मराठीत लिहिता आले नाही ते समजलेले नाही असे धरा. आठवड्याला एक निबंध असा वाचलात तर प्रवेशपरीक्षेपर्यंत तुमची भीती पुष्कळ उतरलेली असेल.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. वडील या विषयाच्या आड येत आहेत असे तुम्ही धरले आहे. मला वाटते त्यांना या विषयात त्यांची जागा कोणी दाखवलेली नाही. अभ्यास सुरू करण्याआधी त्यांच्याजवळ बसा आणि कोणती म्हैस कोणाला लवकर पान्हवेल याचे त्यांचे अंदाज म्हशीच्या नावानिशी लिहून घ्या. ते पान घडी करून ठेवा आणि मोजणी संपल्यावर दोघांनी मिळून ताडून पाहा. जिथे त्यांचा अंदाज बरोबर येईल तिथे त्यांना विचारा की हे त्यांनी कशावरून ओळखले, आणि जिथे चुकेल तिथे वाद न घालता तो दिवस, ती जागा आणि तो हात पुन्हा पाहा. पान्ह्यासाठी जनावरांना ऑक्सिटोसिन टोचण्याच्या तक्रारी देशभर ऐकू येतात. ओळखीच्या हाताने आणि ओळखीच्या जागेने पान्हा किती लवकर येतो हे कोणी नीट मोजून मांडले, तर त्याचा उपयोग तुमच्या वडिलांसारख्या प्रत्येक दूधवाल्याला आहे. हे त्यांना तुमच्या तोंडून ऐकू द्या. जंगलात एकट्या मुलीने कसे राहायचे ही भीती त्यांच्या मनात असेल, तर या विषयातले पुष्कळ काम गोठ्यात, शहरात आणि प्रयोगशाळेत चालते हेही सांगा.

तिसऱ्या वर्षाच्या पहिल्या सत्रापर्यंत वही पूर्ण करा आणि निर्णय तेव्हा घ्या. मोजण्यात मन रमले नाही, तर प्राण्यांवरची माया कमी होत नाही, बी.एड. करून तुम्ही उत्तम शिक्षिका व्हाल आणि म्हशी घरी असतीलच. मन रमले, तर बाहेरच्या संस्थांचे आणि शिवाजी विद्यापीठाच्या एम.एस्सी.चे अर्ज एकाच वेळी भरा, आणि पहिल्या वर्षी बाहेर जमले नाही म्हणून विद्यापीठातला प्रवेश सोडू नका. प्रबंध वर्तनावर करता आला तर दोन वर्षांनी पीएच.डी.चा अर्ज करताना तुमच्याकडे स्वतःचे काम असेल, आणि घर सोडायचे की नाही हा प्रश्न तोपर्यंत शिष्यवृत्तीच्या पत्रासह वडिलांसमोर मांडता येईल.